बाहेर आपली ओळख नाही

"बाहेर भेटलो, तर आपली ओळख नाही."

एवढं म्हणून बाई चष्मा काढायच्या आणि ओढणीच्या टोकाने पुसत बसायच्या. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं दिसत नसे. म्हणजे समोरचा माणूस उठून दाराबाहेर जाईपर्यंत ओळख खरोखरच संपलेली असायची.

हे वाक्य त्या नुसतं बोलायच्या नाहीत, पाळायच्या. लक्ष्मी रोडवर आमच्या कंपनीतलं कोणी समोरून आलं की बाई एकदम दुकानांच्या पाट्या वाचायला लागायच्या. एका लग्नात आमच्या ऑफिसातली एक मुलगी पंगतीत नेमकी त्यांच्या शेजारी आली. बाईंनी तिला विचारलं, "आपण मुलीकडच्या का?" आणि मठ्ठा कसा आंबट झालाय यावर जेवण संपेपर्यंत बोलत राहिल्या. हे मला त्या मुलीनेच हसत हसत सांगितलं. बाईंनी जीव गेला तरी सांगितलं नसतं.

तुम्ही म्हणाल, पुण्यात यात नवल ते काय, इथे शेजारीही ओळख दाखवत नाहीत. पण तसं न ओळखणं फुकटचं. बाईंना न ओळखण्याचा पगार मिळत होता.

बाई समुपदेशक होत्या. राहायला सदाशिव पेठेत आणि आठवड्यातले काही दिवस खराडीला आमच्या कंपनीत. कंपनीने कामाच्या माणसांना विमा दिला होता, जेवण दिलं होतं, त्यात ही एक सोय नवीन आणली होती. ज्याच्या मनाला काही त्रास आहे त्याने बाईंकडे जायचं, बोलायचं. पैसे कंपनी भरणार आणि कोण गेलं, काय बोललं, हे कंपनीला कळणार नाही. घरच्यांनाही ही सोय होती. त्या खोलीची व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून मी बाईंना पाहिलं. पण मला त्या का आठवतात ते सांगायचं तर आधी आमच्या घराचं सांगावं लागेल.

आम्ही धायरीचे, म्हणजे खराडीच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. माझे वडील, आप्पा, एका कारखान्याची कामगारांना ने-आण करणारी बस चालवायचे. बोलका माणूस. 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये' अशी पाटी त्यांच्या बसमध्ये होती. कामगार म्हणायचे, ही पाटी उलटी लिहायला पाहिजे, चालकानं आमच्याशी बोलू नये. मी बारावीला असताना सिंहगड रोडवर दोन थांबलेल्या गाड्यांच्या मधून एक बाई एकदम पुढे आली. आप्पांनी ब्रेक दाबला. बस थांबली, पण उशिरा थांबली. ती बाई गेली.

पोलीस झाले, कोर्ट झालं. बसचा वेग कमी होता, चूक आप्पांची नव्हती, सगळं सिद्ध झालं. कोर्टाने आप्पांना सोडलं. आप्पांनी स्वतःला सोडलं नाही. आधी त्यांनी बस सोडली. मग कोणत्याही गाडीत बसणं सोडलं, रिक्षासुद्धा. मावसभावाच्या लग्नाला कार्यालयापर्यंत चालत आले आणि अक्षता पडल्यावर चालत परत गेले. हळूहळू बोलणंही सुटलं. काही विचारलं की "हं." जेवलात का? हं. पाणी देऊ? हं. ओट्यावर बसायचे आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचे.

घर आईने ओढलं. सदाशिव पेठेतल्या विद्यार्थ्यांच्या मेसना ती पोळ्या करून द्यायची. पहाटे तवा तापायचा, मी कॉलेजला जाताना बसमधून पोळ्यांचे डबे मेसवर टाकायचे. माझ्या अंगाला कणकेचा वास येतो म्हणून वर्गातल्या मुली मला 'बेकरी' म्हणायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. बेकरीने बी.कॉम. केलं.

आप्पांसाठी आईने काय केलं नाही ते विचारा. लिंबं उतरवली, अंगारे लावले, एका देवीला साडी बोलली. माझा चुलता एकदा हळूच म्हणाला, "वहिनी, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. पण गुपचूप. पोरीचं लगीन व्हायचंय."

आईने लाटणं खाली ठेवलं नाही. म्हणाली, "भावजी, माझा नवरा येडा न्हाय. त्यो गप हाय."

विषय संपला. आमच्या घरात त्रास गुडघ्याला होतो, पित्ताने होतो, दाताचा होतो. मनाचा त्रास असतो हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. त्याचं काय करतात, कुठे जातात, हे माहीत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा आईच्या माहेरच्यांत आणि आप्पांच्या घराण्यात मिळून मी पहिली पदवीधर. आईने आळीत पेढे वाटले. पदवीचा कागद हातात आला तेव्हा आप्पांनी तो पुढून वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिला. "हं." तो 'हं' नेहमीपेक्षा लांब होता. मी तेवढ्यावर पुष्कळ दिवस काढले.

मग खराडीची नोकरी. एचआर विभागात, सर्वांत खालच्या खुर्चीवर. आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते बाईंच्या खोलीचं.

आम्ही ते काम आपल्या पद्धतीने केलं. आमच्या साहेबांना वाटलं, एवढी चांगली सोय दिली तर ती सगळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून कॅन्टीनच्या बरोबर समोरची काचेची खोली निवडली. दारावर सोनेरी अक्षरांत 'समुपदेशन कक्ष'. फीत लावली, नारळ आणला, दाराशी रांगोळी मी काढली, तीही मोराची. बाई आल्या. अंगात साधा पंजाबी ड्रेस, पायात पळायला जायचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी फितीकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं.

"कार्यालय छान सजवलंय," म्हणाल्या. "मुहूर्त कधीचा आहे?"

साहेब हसले. ते मुळात चांगले गृहस्थ, उत्साही. म्हणाले, "मॅडम, जो पहिला येईल त्याला आपण गुलाब देऊ. फोटो काढून सगळ्यांना मेल करू. म्हणजे बाकीच्यांना हुरूप येईल."

"त्यापेक्षा त्याच्या गळ्यात घंटा बांधू," बाई म्हणाल्या. "म्हणजे मेल वाचायचाही त्रास नको."

अर्थात कोणी आलं नाही. कोण येणार? अख्खं कॅन्टीन ताटावरून मान वर करून बघत होतं. बाईंनी मात्र वेळ वाया घालवला नाही. थंडीचे दिवस होते, त्या पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा घेऊन यायच्या आणि काचेमागे बसून सोलायच्या. लोक जेवता जेवता हसायचे. कंपनीने वाटाणे सोलायला बाई ठेवल्यात, असा विनोद वरच्या मजल्यापर्यंत पोचला.

एके दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. "अहो, तुमच्या कंपनीत अशी जागा कोणती, जिथे माणूस गेला तर का गेला असं कोणी विचारत नाही?"

मी विचार केला. "लॅपटॉप दुरुस्ती. तळमजल्याला, मागच्या बाजूला. तिथे सगळेच जातात."

"शेजारी खोली आहे?"

"आहे, पण त्यात जुने कीबोर्ड भरलेत. खिडकीसुद्धा नीट उघडत नाही."

"तीच द्या."

"आणि पाटी, मॅडम?"

"पुण्यात पाट्या कमी पडल्यात का? नको."

मी कीबोर्ड हलवले, दोन खुर्च्या टाकल्या, पाण्याचा तांब्या ठेवला. आणि मग आमच्या कंपनीत लॅपटॉप बिघडायला लागले. काखेत लॅपटॉप धरून लोक तळमजल्याला जायचे, दुरुस्तीच्या खिडकीसमोरून पुढे सरकायचे आणि शेजारच्या दारात गडप व्हायचे. दुरुस्तीवाला एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "हे लोक लॅपटॉप घेऊन येतात आणि माझ्याकडे देतच नाहीत. माझ्यावर विश्वास नाही का?"

बाई मागून येत होत्या. "बरंय ना," त्या म्हणाल्या, "आपलं काम वाचलं."

हे सगळं मी रोज बघत होते आणि रोज संध्याकाळी घरी जाऊन आप्पांची पाठ बघत होते. 'घरच्यांसाठीही' ही ओळ पोस्टरवर मीच टाकली होती. शेवटी एकदा धीर करून बाईंच्या खोलीत गेले.

"मॅडम, घरच्यांसाठीही आहे ना हे?"

"आहे. पोस्टर तुम्हीच केलंत."

"माझे वडील..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुमचं काही असेल तर तुम्ही सांगा. वडिलांचं वडील सांगतील."

"ते बोलतच नाहीत."

"मग मीही बसेन. मला वाटाणे सोलता येतात."

"पण ते इथवर येऊ शकत नाहीत. गाडीत बसत नाहीत ते. धायरीहून खराडी म्हणजे..."

"सदाशिव पेठेत माझी खोली आहे, घरच्यांना मी तिथे भेटते. धायरीहून पेठेत माणूस चालत येऊ शकतो. पूर्वी पेठेतली माणसं चालत सिंहगडावर जायची आणि संध्याकाळी जेवायला घरी असायची." त्यांनी मला पत्ता सांगितला. "त्यांना एकदा सांगा. एकदा म्हणजे एकदा. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आठवण करायची नाही, आईकडून वदवायचं नाही. जमेल?"

ते फार अवघड होतं, पण मी जमवलं. जेवताना सांगितलं. अशा अशा बाई आहेत, पेठेत, आपल्या मेसच्या पलीकडच्या गल्लीत. गुरुवारी असतात. पैसे लागत नाहीत, कोणाला कळत नाही. आप्पांनी भाकरी मोडली. आई म्हणाली, "कोन बाई? कशाला?" आप्पा हात धुवायला उठले. मी ताटं उचलली.

खूप दिवस गेले. मग एका गुरुवारी मी कामावरून आले तर आई म्हणाली, "मेसचा डबा आज आप्पा घेऊन गेलं."

"कसे?"

"कसे म्हंजी? पायांनी."

"कुठे?"

"मेसवर. आनि कुठं?" आई तव्याकडे तोंड करून बोलत होती. मला तिचा चेहरा दिसू नये म्हणून. मी तिला बाईंचं ते 'ओळख नाही'चं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. तिला ते आपोआप आलं होतं.

त्यानंतर दर गुरुवारी आप्पा डोक्याला रुमाल बांधून, हातात डब्यांची पिशवी घेऊन सिंहगड रोडने चालत निघायचे. ज्या जागी ते झालं, त्या जागेवरून. थोड्याच दिवसांत मेसच्या काकांचा आईला फोन आला. "वहिनी, गुरुवारच्या पोळ्या गार येतात हो. पोरं कुरकुर करतात."

"गुरुवारी गारच मिळतील," आई म्हणाली. "पोरांना म्हनावं, वरन गरम वरण घ्या." आणि फोन ठेवून दिला. धंद्यात गिऱ्हाइकाशी असं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

आप्पा घरी येऊन काही सांगायचे नाहीत. पण ओट्यावर बसताना ते आता रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. मला राहवेना. खराडीला बाई भेटल्यावर मी विचारलंच.

"मॅडम, आप्पा आले होते का?"

"कोण आप्पा?"

"माझे वडील. काय बोलले ते नका सांगू. बरे आहेत का, एवढंच सांगा."

बाईंनी चष्मा काढला. "त्या मागच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे ना? त्यात अजून कीबोर्ड पडलेत."

मला खूप राग आला. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. जिचा बाप, तिला सांगायला काय जातं? पण स्वारगेट येईपर्यंत दुसरी गोष्ट डोक्यात आली. जी बाई मला सांगत नाही, आप्पांच्या पोटच्या पोरीला सांगत नाही, ती जगात कोणालाच सांगणार नाही. त्या दिवशी मी शांत झोपले.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांना नावं हवीशी वाटली.

त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. त्यांना वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. खर्च होतोय, तर कोणासाठी? ते मला म्हणाले, "तू मॅडमच्या जवळची आहेस. कोण कोण येतं तेवढं काढून घे. आपल्यातच राहील. नाहीतर मार्चनंतर ही सोय बंद करावी लागेल."

नावं दिली तर त्यात आप्पांचंही नाव येणार, माझ्या नावाच्या शेजारी. एचआरमधल्या पोरीचा बाप. आणि आप्पांना नुसता वास लागला, की त्यांचं नाव कुठेतरी गेलंय, तर ते परत भिंतीकडे तोंड करतील आणि मग त्यांना कोण वळवणार? नावं नाही दिली तर मार्चनंतर बाईच नाहीत. मी बाईंना जसं होतं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेबांना म्हणावं, मी येते भेटायला. आणि तुम्हीही बसा."

बैठकीत साहेब आणि आणखी दोघं वरचे होते. साहेब अगदी आदराने बोलले. "मॅडम, पैसे आम्ही देतो. कोण येतं एवढं कळायला काय हरकत आहे?"

"कॅन्टीनचे पैसेही आपणच देता. कोणी किती भात खाल्ला ते विचारता का?"

"तसं नाही. पण उपयोग होतोय हे कळणार कसं?"

"किती लोक आले ते मी सांगते. कोण आले ते नाही."

"आकडा कोणीही सांगेल, मॅडम. एखादं तरी नाव असेल तर आम्हाला वर सांगता येईल."

"एक नाव दिलं तर मार्चपर्यंत थांबायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळीच खोली रिकामी होईल. परत कीबोर्ड ठेवा."

साहेब पेनचं टोपण उघडत होते, लावत होते. मला वाटलं, संपलं. आणि मी उभी राहिले. एवढ्या मोठ्या लोकांसमोर मी तोपर्यंत फक्त चहाच्या वेळी उभी राहिले होते.

"साहेब, माझं नाव सांगा," मी म्हणाले. "आमच्या घरचं माणूस जातं. धायरीहून चालत जातं. आमच्या घरात इतकी वर्षं जे देवाला आणि अंगाऱ्याला जमलं नाही ते..."

"एक मिनिट," बाईंनी मला मध्येच तोडलं. त्या साहेबांकडे वळल्या. "ह्या काय म्हणतायत ते मला माहीत नाही. ह्या खोलीची किल्ली ठेवतात, तेवढीच आमची ओळख."

मी तशीच उभी. "मॅडम, मी स्वतः सांगतेय ना."

"आपण खुशाल सांगा. तोंड आपलं आहे. पण मला विचारलं तर मी ह्यांच्या घरच्या कोणालाही ओळखत नाही."

आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले, मग बाईंकडे, आणि मग त्यांना हसू आलं. ते दोघं वरचेही हसले. हसता हसता साहेब एकदम थांबले. म्हणाले, "म्हणजे माणूस स्वतः पुढे येऊन सांगतोय तरी तुम्ही नाहीच म्हणणार?"

"नाहीच."

"कोणालाही? माझ्या वरच्यांनासुद्धा?"

"आपल्या वरच्यांना, खालच्यांना, आपल्या घरी. कोणालाही."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "बस," मला म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "आकडा द्या. चालेल."

बाई उठल्या, पण गेल्या नाहीत. "अजून एक. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी काय काखेत धरून यायचं? गेटवरचे काका, झाडणाऱ्या मावशी, कॅबचे ड्रायव्हर. ते कंत्राटदाराचे म्हणून त्यांना ही सोय नाही. त्यांच्या काळजाचंही कंत्राट दिलंय का?"

साहेब म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

थोड्या दिवसांनी मी तळमजल्याला काही कामाला गेले, तर समोरून साहेब येत होते. काखेत लॅपटॉप. मला बघून म्हणाले, "हँग होतोय सारखा." मी म्हटलं, "होतात, साहेब," आणि भिंतीवरची आग विझवायच्या सूचनांची पाटी वाचायला लागले. लॅपटॉप खरंच बिघडला असेल. लॅपटॉप बिघडतातच. मी कोणाला ओळखत नाही.

मार्च आला आणि गेला. खोली राहिली. एप्रिलपासून कंत्राटावरच्या सगळ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ती सोय लागू झाली, त्या कागदावर साहेबांची सही होती. मावशींनी लॅपटॉपचा प्रश्न आपला आपण सोडवला. त्या फडकं आणि बादली घेऊन यायच्या. बाईंची खोली कंपनीतली सर्वांत स्वच्छ खोली झाली. एकेका दिवशी तिची फरशी इतक्यांदा पुसली जायची की बाई पाय वर घेऊन बसायच्या.

आणि एका गुरुवारी आप्पा नेहमीपेक्षा लवकर घरी आले. मला त्या दिवशी सुट्टी होती. आई पोळ्या लाटत होती.

"आज लौकर?" आईने विचारलं. 'हं' येईल असं धरूनच विचारलं.

"बसनं आलो," आप्पा म्हणाले.

आईचं लाटणं थांबलं.

"कंडक्टर लई आगाऊ व्हता," आप्पा चपला काढत म्हणाले. "सुट्टं नाय म्हनून एका म्हातारीला उतरवायला निघाला. म्या म्हनलं, मी देतो तिचं, तू घंटी मार. तर मलाच शिकवाया लागला. म्हनलं, बाबा, तू पाळण्यात व्हतास तवापास्नं मी या रोडनं बस चालवलीय. ड्रायव्हर पन नवशिकाच. गिअर टाकायचा तर असा टाकतोय, जसं उसाचं कांडं मोडतोय..."

ते बोलतच राहिले. तव्यावरची पोळी काळी झाली, धूर निघाला. आईने ती जळू दिली.

पुढचं सगळं सावकाश झालं. लायसन्सची मुदत संपली होती, ते नवं करून आणलं. माझ्या पगारातून आणि आईच्या पोळ्यांतून एक जुना छोटा टेम्पो घेतला. पहिल्या सकाळी आप्पा स्टेअरिंगवर बसले आणि किल्ली न फिरवता बसूनच राहिले. आळीतली माणसं दारात येऊन उभी. आई डबे मागे ठेवून पुढे आली. "बसायचं आसंल तर बसा सावकाश," म्हणाली, "पर पोळ्या गार व्हायल्यात. आज गुरुवार न्हाय." आप्पांनी किल्ली फिरवली.

बाईंनी नंतर वयामुळे खराडीचं काम सोडलं. साहेबांना सत्कार करायचा होता, शाल, श्रीफळ, दोन शब्द. बाई म्हणाल्या, "नको. सत्काराला ज्याच्या डोळ्यांत पाणी येईल त्याच्याकडे बाकीचे बघत बसतील. इतक्या दिवसांची मेहनत वाया जाईल." त्यामुळे शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच ठरला.

त्या दिवशी मी किल्ली घ्यायला तळमजल्याला गेले आणि पाहते तर बोळात दोन्ही बाजूंना माणसं उभी. प्रत्येकाच्या काखेत लॅपटॉप. मावशी फडकी घेऊन, गेटवरचे काका टोपी हातात घेऊन. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, जो तो दुरुस्तीच्या खिडकीकडे बघत होता, जणू आपला नंबर यायचाय. बाई पिशवी खांद्याला लावून बाहेर आल्या. थबकल्या. मग पाट्या वाचत, कोणाकडेही न बघता, त्या सगळ्यांच्या मधून चालत गेल्या. टोकाला गेल्यावर दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या, "केवढे लॅपटॉप बिघडतात हो तुमच्याकडे." चष्मा काढून पुसला. मग गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं.

सुट्टीचा दिवस होता, मी आप्पांबरोबर टेम्पोत पुढे बसून मेसवर डबे टाकायला निघाले होते. सदाशिव पेठेतला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. आप्पा बोलत होते. महापालिका, खड्डे, माझं लग्न, सगळं एका दमात. आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक बाई एकदम पुढे आली.

आप्पांचा पाय ब्रेकवर गेला होता. टेम्पो थांबला. तिच्यापासून चांगला लांब, हळू, डबेसुद्धा वाजले नाहीत.

बाईच होत्या. तेच बूट, तीच पिशवी, पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा वर आलेल्या. त्यांनी टेम्पोकडे न बघता हात वर केला, कोणाही ड्रायव्हरला करतात तसा, आणि रस्ता ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर चढून एका दुकानाची पाटी वाचत उभ्या राहिल्या. त्या पूर्ण वर चढेपर्यंत आप्पांनी गाडी हलवली नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"आप्पा," मी म्हणाले, "ओळखलंत का?"

आप्पांनी आरशात मागे पाहिलं, मग समोर.

"कोनाला?" म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.

माझे वडील गाडी चालवतात.